दोन गच्च्या, मध्ये फिलूकाकी

आमच्या धंद्यात केबलची रिळं संपतात, किस्से काही संपत नाहीत! मी आणि माझा भागीदार बस्त्याव, दोघं मालवण ते कणकवली इंटरनेट जोडत फिरतो. पण एकाच कॉलेजने आम्हाला जेवढं हसवलं आणि रडवलं, तेवढं अख्ख्या जिल्ह्याने नाही.

तर कॉलेजच्या जुन्या इमारतीत इंटरनेट, नव्या इमारतीत कॉम्प्युटर लॅब आणि मध्ये घरं नि माड. म्हणून दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर एकेक डिश लावली. इंटरनेट हवेतून इकडून तिकडे! प्राचार्या सावंत बाईंना तिथे ऑनलाइन परीक्षेचं सेंटर हवं होतं. आमची पोरं आदल्या दिवशी घाटात ओकत ओकत कोल्हापूर गाठतात आणि तशीच पेपरला बसतात, हे बाईंच्या जिवाला लागलं होतं. मंजुरीची अट एकच, परीक्षेवाले साहेब तपासणीला येतील त्या दिवशी लॅबमध्ये स्पीड मिळाला पाहिजे.

आणि तोच मिळेना!

*

पहिल्याच आठवड्यात बाईंचा फोन, "सगळं बंद!" धावत गेलो. बघतो तर नव्या इमारतीवरच्या डिशने चक्क पाठ फिरवलेली.

शिपाई परबभाऊ शांतपणे म्हणाले, "मियाच फिरवलंय. समुद्राचो वारो सरळ तोंडार घेय होती बिचारी!"

*

मग रोज दुपारी स्पीड निम्मा. सकाळी झकास, संध्याकाळी झकास! शेवटी बस्त्याव डबा घेऊन गच्चीवरच जेवायला बसला. उन्हं चढली तशी मधल्या घराच्या गच्चीवर फिलूकाकी आली आणि धुतलेल्या ओल्या गोधड्या उंच दोरीवर टाकत सुटली. बरोब्बर दोन डिशच्या मधोमध!

मी समजावलं, "काकी, आमचं इंटरनेट तुमच्या गोधड्यांमधून जातं. ओल्या कापडात अडकतं."

"माझ्या गोधडयेंतसून जाता? मगे जाता जाता वायच सुकवून जाऊक काय होता तेका?"

दोरी आम्हीच खाली बांधून दिली.

*

गोधड्या हटल्या, तर माडाच्या झावळ्या आडव्या. माडही काकीचाच. दोन झावळ्या तोडू का, म्हणून विचारलं.

"माड माझ्या सासऱ्यान लायलो. तुमची ताटली कधी लायलास?"

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर काकी विरघळली. "चढतस तर चढ. पण वर जातसच तर शहाळी पण काढ." बस्त्याव दोन झावळ्यांसाठी चढला आणि काकीच्या हुकमाने अख्खा माड साफ करूनच उतरला.

*

आता स्पीड आला का ते कळावं म्हणून बाईंनी स्टाफच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "सर्वांनी आत्ताच स्पीड तपासून कळवावे." झालं! सगळे एकदम तपासायला बसले आणि प्रत्येकाचं उत्तर, "स्लो आहे मॅडम."

मी म्हटलं, "बाई, सगळा स्पीड तपासण्यातच संपतोय!"

बाईंनी लगेच दुसरा मेसेज टाकला, "तपासणे थांबवावे व थांबवल्याचे कळवावे."

*

शेवटी तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले. कपडे कडक इस्त्रीचे आणि मराठी त्याहून कडक. "चाचणी करून दाखवा." केली. स्पीड निम्मा!

"थोड्या वेळाने पुन्हा पाहू. ही शेवटची संधी."

बाईंच्या डोळ्यांत पाणी. आम्ही सगळे गच्चीवर धावलो. डिश सरळ, केबल पक्की, मध्ये काहीच नाही. नट आवळले, रीस्टार्ट केलं. आता करण्यासारखं काही उरलंच नाही. तेव्हा परबभाऊंनी डिशपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या दोन ताटलेंच्या मधी जा काय आडवां इलां आसात, तां बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. बस्त्याव तर आधी क्रूस करून मग ओरडला!

"पोरांका घाटातसून ओकत जावची पाळी हाडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाईंचा आवाज कापत होता.

"आणि ह्यो जो कोण साहेब तोंड वाकडां करून बसलो आसा, तेका वायच बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यात मोठा आवाज मागून आला. वळून बघतो तर जिन्याच्या दारात साहेब! हात जोडलेले, डोळे मिटलेले.

परबभाऊंचं गाऱ्हाणं तिथेच थांबलं. साहेबांनी एक डोळा उघडला.

"थांबलात कित्याक? स्पीडचां गाऱ्हाणां रवलां मां! त्या घाटात मिया पण ओकलंय!"