चेहऱ्याखालची पाटी

संशय घेण्याचं बाळकडू मला आईकडून मिळालं. वरचे टोमॅटो फारच लालचुटुक दिसले की ती आधी टोपलीच्या तळाशी हात घालते. कोणी उगाच गोड बोललं, की त्याची पाठ वळल्यावर विचारते, "काम काय असेल गं याचं?" मी शिकायला नेदरलँड्सला निघाले तेव्हा तिने माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध वीतभर उंचीची बुद्धमूर्ती ठेवली, आमच्या घराघरात असतो तो निळ्या कोटातला, चष्म्याचा फोटो ठेवला आणि वर सल्ला दिला की तिकडे मराठी माणसं भेटली म्हणून लगेच पाघळू नकोस, आधी कोण कुठलं ते बघ.

कोण कुठलं ते बघायची रीत आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. आधी आडनाव विचारायचं. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव. गाव मोठं निघालं तर गावात कुठे. बहुतेकांचं काम तिसऱ्या प्रश्नाला होतं. माझ्या बाबतीत पहिल्यालाच होतं. माझं आडनाव ऐकल्यावर पुढचे प्रश्न कोणाला पडत नाहीत. मग काही माणसं जास्तच गोड होतात आणि काही गप्प होतात. मला दोघांचाही राग येतो.

नायमेखनला मास्टर्स करत असताना विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेत मला विद्यार्थ्यांसाठीची अर्धवेळ नोकरी मिळाली. करोनाने इमारत बंद केली होती. कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून एकमेकांच्या बातम्या काढायची तिथल्या लोकांची सोय गेली, म्हणून संस्थेने अंतर्गत बातमीपत्र सुरू केलं आणि ते चालवायला दोन विद्यार्थी ठेवले. एक मी आणि दुसरा एक उंच डच मुलगा, जो कोणत्याही निरोपाला फक्त अंगठा पाठवायचा. कोण नवीन आलं, कोण गेलं, कोणाला बाळ झालं, कोणाची पीएचडी झाली, हे आम्ही घरात बसून गोळा करायचो.

माझ्या स्वभावाला हे काम चपखल बसलं. अमुक जण नवी आव्हानं स्वीकारण्यासाठी आपला निरोप घेत आहेत असं मी छान लिहायची, आणि मला ठाऊक असायचं की त्यांचा करार वाढवलेला नाही. आम्हा दोघांचे करारही उन्हाळ्यापर्यंतच होते. त्यानंतर एकाच जागेसाठी, पण पूर्ण वेळ आणि संशोधनाच्या कामासाठी, निवड होणार होती. ती जागा मिळाली तर तिथूनच पीएचडीची वाट निघत होती. मला पीएचडी करायची होती, इतर कशापेक्षाही जास्त, आणि परत जाऊन कोणाच्या तरी शिफारशीसाठी दाराबाहेर ताटकळायचं नव्हतं. म्हणून ती जागा मला हवी होती.

निवड करणार होते ते नवीन आलेले गटप्रमुख, आणि ते मराठी निघाले.

स्क्रीनवर एक सोय असते, आडनाव विचारावं लागत नाही. चेहऱ्याखाली पाटीच असते. त्यांच्या पाटीवर गावाच्या नावाला कर लावलेलं आडनाव होतं, ज्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. पण बोलणं स्वच्छ पुणेरी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नं' लावलेलं. तेवढ्यावर मी माझा निष्कर्ष काढला. ते हसून म्हणाले, अरे वा, मराठी, मूळची कुठली? मी औरंगाबाद म्हटलं.

"औरंगाबादला कुठे?"

आला तिसरा प्रश्न, मी मनात म्हटलं. पहिला तर पाटीनेच सोडवला होता, आता ही नुसती खातरजमा. स्टेशनच्या बाजूला, असं मी मोघम सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे फळीकडे गेली. तिथे मूर्ती होती. नजर थोडा वेळ तिथेच राहिली. मग ते म्हणाले, "ओके, लेट्स गेट स्टार्टेड." त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी मराठीचा एक शब्द काढला नाही.

मग मी पुरावे गोळा करायला लागले. नव्या माणसाची ओळख बातमीपत्रात छापायची म्हणून त्यांना नेहमीचे प्रश्न पाठवले. मूळ गाव कुठलं, याला उत्तर आलं: इंडिया. बाकीचे लोक लहानपणीच्या सायकलीपासून सगळं लिहायचे आणि फोटोत कुत्र्यालाही घ्यायचे. यांचा फोटो कोऱ्या भिंतीसमोरचा. मीटिंगमध्येही मागचं सगळं नेहमी धूसर केलेलं. मागे देवघर असेल, मी ठरवलं, आणि आमच्यासारख्यांच्या नजरेला ते पडू नये असं वाटत असेल. माझ्या ईमेलना एका ओळीत उत्तरं यायची. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या कामाचं कौतुक केलं, तर मला वाटलं, हे पुढे नाकारण्याची तयारी चाललीय.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मूर्ती थोडे दिवस बाजूला ठेव, जागा मिळू दे, मग काढ परत. जिने स्वतःच्या हाताने ती बॅगेत ठेवली तीच असं म्हणाली याचं मला इतकं वाईट वाटलं की मी फोन लवकर ठेवला.

आणि तिकडे आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या डच बाईंच्या खिडकीत, कुंड्यांच्या मधे, बुद्धाचं नुसतं मस्तक होतं. बागेच्या सामानाच्या दुकानातून आणलेलं. इथे ते घरोघरी असतं, काही घरांत तर बाथरूममध्येही. माझी मूर्ती पाहून बाई आनंदाने म्हणाल्या, माझ्याकडेही आहे, बघितलं की शांत वाटतं ना. मी हो म्हटलं. त्यांच्या बुद्धाकडे बघून त्यांना कोणी गाव विचारत नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्याच आठवड्यात. मूर्ती हलवायची तर राहूच दे, मी टेबलच फिरवलं. आतापर्यंत कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर असलेला निळ्या कोटातला फोटो आता बरोबर माझ्या डोक्यामागे आला. बघा काय बघायचं ते, म्हटलं. पुढच्या मीटिंगला मी गटप्रमुखांवर डोळे रोखून बसले. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि लगेच मान खाली घालून काहीतरी लिहायला लागले. हासुद्धा मी पुरावाच धरला.

त्या हिवाळ्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. कोणाच्याही मीटिंगमध्ये कोणाचंही मूल येऊन बसायचं. एका सकाळी आम्ही तिघंच होतो, त्या बाई, गटप्रमुख आणि मी. पुढच्या अंकाचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात गटप्रमुखांची पाच-सहा वर्षांची मुलगी आली आणि सरळ त्यांच्या मांडीवर चढली. "बाळा, थांब जरा," ते हळूच म्हणाले. तिला ते समजलं, पण इथल्या मुलांसारखी ती डचमध्येच बोलत राहिली. मग तिची नजर स्क्रीनवर गेली आणि तिने माझ्या डोक्यामागे बोट दाखवलं.

"पप्पा, आपल्या कपाटातले ओपा."

ओपा म्हणजे आजोबा. पप्पांना कळलं नाही असं तिला वाटलं असावं, कारण लहान मुलं मोठ्यांना समजावतात तसं तिने सावकाश समजावलं. आई रोज सकाळी त्यांना बाहेर काढते नं, आणि कोणी घरी येणार असलं की परत आत ठेवते, ते.

डच बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, किती गोड, म्हणजे तुम्हा दोघांचे आजोबा एकच की काय? गटप्रमुखांचा चेहरा पार उतरला होता. मग त्यांचा कॅमेरा बंद झाला आणि स्क्रीनवर फक्त ती पाटी राहिली, गावाच्या नावाला कर लावलेली.

माझ्या अंगावर काटा आला. मग राग आला, आणि मुलीला इतक्या लहान वयात हे शिकवलं याचा जास्त आला. मग मी माझे सगळे पुरावे एकेक करून पुन्हा पाहिले. तो औरंगाबादचा प्रश्न, ते इंडिया, ती कोरी भिंत, ती एका ओळीची उत्तरं. मी त्यांना घाबरून होते तितकेच ते मला घाबरून होते. इथल्या मराठी मंडळात त्यांचं उठणं-बसणं होतं, करोनाआधी घरी जेवणावळी व्हायच्या असं मी ऐकून होते, आणि तिथे मला एका शब्दात सगळं सांगता आलं असतं. मला वाटलं होतं त्या दिवशी तरी ते फोन करतील. मराठीत काहीतरी बोलतील. फोन आला नाही. वाट बघता बघता माझा संशय पुन्हा डोकं वर काढू लागला. आता तर हे मला घेणारच नाहीत, ज्याच्याकडे आपलं गुपित आहे त्याला कोण रोज समोर बसवून घेईल?

वसंत ऋतूत मुलाखती झाल्या. माझी चांगली झाली. ते निवड समितीत होते, त्यांनी मला अवघड पण सरळ प्रश्न विचारले आणि एकदाही मागच्या भिंतीकडे पाहिलं नाही.

काही दिवसांनी त्या डच बाईंचा व्हिडिओ कॉल आला. इथली माणसं गूळ लावून बोलत नाहीत. त्या म्हणाल्या की मुलाखत तुझीच सर्वांत चांगली झाली, पण एक अडचण आहे. निवड ठरवताना त्यांना त्या चिमुरडीचं बोलणं आठवलं होतं, एकाच आजोबांबद्दलचं, म्हणून त्यांनी समितीत गटप्रमुखांना विचारलं की तुम्ही दोघं नातेवाईक आहात का. ते म्हणाले, हो, आम्ही एकाच घरातले आहोत.

आणि नातेवाईकाच्या हाताखाली नातेवाईक चालत नाही. तसं असेल तर जागा त्या उंच मुलाला जाईल.

"पण मला तुझ्याकडूनही ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "हे खरं आहे का?"

एकदा 'नाही' म्हटलं असतं तर जागा माझी होती. मग त्यांनी गटप्रमुखांना विचारलं असतं की तुम्ही खोटं का बोललात. मग त्यांना सांगावं लागलं असतं की ते आजोबा कोण आणि ते कपाटात का. ऐकणाऱ्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नसतं, पण असली गोष्ट फिरत फिरत ज्यांना बरोबर कळते त्यांच्यापर्यंत पोचतेच.

गटप्रमुख 'हो' का म्हणाले हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. नियम त्यांना माहीत होता. मला वाटेतून काढायची ही सगळ्यांत स्वच्छ वाट होती, कोणी बोट दाखवलं नसतं. पण त्यांना दुसरंही काही सांगता आलं असतं. आमच्या देशातले एक मोठे पुढारी आहेत, पुष्कळ घरांत फोटो असतो, एवढं म्हणून सुटता आलं असतं. चार परक्या माणसांसमोर त्या फोटोला परकं म्हणायला त्यांची जीभ रेटली नसेल, असंही मला वाटतं. मला त्या माणसाची चीड येत होती आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

"खरं आहे," मी म्हणाले.

बाईंनी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या की कारण नोंदवावं लागतं, तर नेमकं नातं काय लिहू.

"अंकल," मी म्हणाले. आमची आडनावं वेगळी होती, म्हणून पुढे जोडलं, "आईकडून."