हिरवी पेटी आणि तिच्यामागे मी

ॲम्प्लिफायर लहानच असावा, या मताचा मी पहिल्यापासून आहे. मोठा ॲम्प्लिफायर माणसाचं वाजवणं जसंच्या तसं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो, आणि माझ्या वाजवण्याला एवढा प्रवास झेपत नाही. पुढे हलकेफुलके, बॅटरीवर चालणारे, काखेत मारून नेता येतील असे पुष्कळ निघाले. मी ते वापरले, लोकांना त्यांची शिफारसही केली. पण जीव जडला तो एकाच पेटीवर. एकोणीसशे साठच्या दशकात, मद्रासला, आमच्या तिरुवल्लिक्केणीच्या घरात ती खिडकीखाली असायची.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलायचो ते मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवलं तर तो आधी हसतो आणि मग कौतुकाने विचारतो, की मराठी कधी शिकलात? आत्ता हे लिहितोय ते माझ्या सोलापूरच्या बायकोने पुढे घासूनपुसून दिलेलं मराठी आहे. तेव्हा मात्र मी अविवाहित होतो, एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि स्वतःला कलावंत समजत होतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पुरावा होता.

मी हवाईयन गिटार वाजवायचो. म्हणजे गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवरून सरकवत सूर शोधायचे. वाजवणारा चांगला असेल तर सूर सापडतो. माझा तुकडा सुराच्या आसपास बराच वेळ फिरायचा. आमची अम्मा (आमच्यात आईला अम्माच म्हणतात) याला इस्त्री म्हणायची. संध्याकाळी मी गिटार खाली ठेवली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "झाली का रे इस्त्री? ये जेवायाला."

नुसत्या गिटारचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे, आणि जगाला ऐकू जावं अशी माझी इच्छा होती. म्हणून मी माउंट रोडमागच्या गल्लीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून ॲम्प्लिफायर बनवून घेतला. आत जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह, पुढे एक स्पीकर, बाहेरून खोक्याच्या फळ्या, आणि वरून कुणाच्या तरी सोफ्यातून उरलेलं हिरवं रेक्झिन. वर ट्रंकेची कडी बसवली होती, म्हणून मी त्याला पोर्टेबल म्हणायचो. कडी नसती तर त्याला फर्निचर म्हणावं लागलं असतं. पण बटण दाबलं की आतले व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस व्हायचे, पेटी ऊबदार व्हायची, आणि मग एक तार छेडली की खोली भरून जायची. त्या क्षणी मला खरंच वाटायचं की मी कुणीतरी आहे.

अम्माच्या मते मात्र वाद्य म्हणजे ती पेटीच. आवाज तिच्यातून येतो ना? मग मांडीवरची गिटार ही नुसती पेटीला डिवचायची काठी. मी तिला एकदा नीट समजावून सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाजते ती पेट्टी. तें लांकूड तूं वाजवतोस ना, पण वाजते ती पेट्टी." मला त्या वेळी तिच्या अडाणीपणाचं हसू आलं. नंतर लवकरच कळलं की आख्ख्या मद्रासचं मत तिच्यासारखंच होतं.

आमच्याच कचेरीत, पलीकडच्या विभागात, एक गृहस्थ होते. ते सुट्टीच्या दिवशी लाइट म्युझिक पार्टी, म्हणजे सिनेगाण्यांचा वाद्यवृंद, चालवायचे. लग्नं, कारखान्यांचे समारंभ, देवळाचे उत्सव असे त्यांचे कार्यक्रम असत. मी गिटार वाजवतो हे त्यांच्या कानावर गेलं आणि एका रविवारी ते ऐकायला म्हणून घरी आले. मी जीव तोडून वाजवलं. ते सगळा वेळ पेटीकडे बघत होते. माझं झाल्यावर ते उठले, पेटीच्या मागे वाकले आणि म्हणाले, "सार, याला वायर लावायला दोन जागा आहेत?" मी म्हटलं, आहेत. "म्हणजे माइकही लागेल?" लागेल, मी म्हटलं. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आयुधपूजेला अंबत्तूरच्या एका कारखान्यात कार्यक्रम आहे, तुम्ही पाहिजेच, असं सांगितलं. तुम्ही पाहिजेच! माझी छाती फुगली. ते गेल्यावर मी अम्माला म्हणालो, की बघ, माणसाला पारख असावी लागते.

आयुधपूजा म्हणजे तीच सरस्वतीपूजा, नवरात्रातली नवमी. त्या दिवशी मद्रासमध्ये कारखाने यंत्रांची पूजा करतात, घरोघरी लोक पुस्तकं आणि वाद्यं सरस्वतीपुढे मांडतात. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पोरांना हा नियम फार आवडतो, कारण अभ्यास करणं त्या दिवशी पाप असतं.

नवमीला सकाळी मी गिटार घेऊन तालमीला गेलो. पेटी जड, ती संध्याकाळी थेट न्यायची ठरली होती. दुपारी घरी आलो आणि दारातच थबकलो. पूजा झाली होती. सरस्वतीच्या तसबिरीपुढे माझ्या दिवंगत वडिलांची गणिताची पुस्तकं रचलेली होती, आणि त्यांच्या शेजारी, रेशमी खणावर, माझी हिरवी पेटी. तिला गंध लावलं होतं, कुंकू लावलं होतं, वर झेंडूची माळ होती. स्पीकरच्या जाळीवर तर गंधाचा भला मोठा पट्टा ओढला होता.

"अम्मा, हे काय केलंस?"

"तुझी विद्या पूजेंत ठेवली," ती म्हणाली. "अप्पांच्या शेजारीं."

ज्याला ती वर्षभर इस्त्री म्हणत होती त्याला तिने विद्या म्हटलं होतं, तेही वडिलांच्या शेजारी बसवून. मला एकदम भरून आलं. आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं की गाडीला फार वेळ उरलेला नाही आणि विद्येला उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पार्टीत घेतील की नाही ते आजच्या कार्यक्रमावर ठरणार होतं. निदान मी तरी तसं समजत होतो.

मी गयावया केली. अम्मा ठाम. "सामीपुढें ठेवलेलें काढूं नये." मी म्हटलं, माझी अब्रू जाईल. ती म्हणाली, अब्रू उद्यां सकाळीं वाजव. शेवटी मी रडकुंडीला येऊन सांगितलं की तिकडेही पूजाच आहे, कारखान्यातली आयुधपूजा.

ती थांबली. थोडा विचार केला. मग तिने पेटीवर अक्षता टाकल्या, पेटी बोटभर सरकवली आणि म्हणाली, "येथली पूजा सोडून नव्हे, तेथल्या पूजेस जाते. ने. पण गंध पुसूं नको, आणि माळ काढूं नको. आणि आजच घरीं परत आण."

असा मी निघालो. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात माळ घातलेली, कुंकवाने माखलेली पेटी. अंबत्तूरच्या गाडीत गर्दी होती. डब्यातल्या एका वयस्कर बाईंनी पेटीकडे पाहिलं, हात जोडले आणि शेजारच्या माणसाला सरकायला लावून बाकावर जागा करून दिली. मी कृतज्ञतेने बसायला गेलो, तर त्यांनी मला अडवलं. जागा पेटीसाठी होती. अंबत्तूर येईपर्यंत मी तिच्याजवळ उभा राहिलो. येणारे-जाणारे तिला नमस्कार करत होते. एकाने मला विचारलं, की कुठला देव? मी ॲम्प्लिफायर म्हणालो. त्याने पुन्हा नमस्कार केला.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. लेथ मशिनांना केळीचे खुंट बांधले होते, दारात फोडलेल्या कोहळ्याचे तुकडे पडले होते, सगळ्यांच्या हातात चुरमुरे आणि डाळं. आमच्या पार्टीच्या प्रमुखांनी, म्हणजे कचेरीतल्या त्या गृहस्थांनी, पेटी पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक कारखान्यात समारंभ, त्यामुळे भाड्याचा माइक सेट कुठेच मिळाला नव्हता. त्यांनी लगेच गायकाचा माइक माझ्या पेटीला लावला, शेजारच्या जागेत माझी गिटार लावली, पेटी पुढे गायकाजवळ ठेवली, आणि मला मागे, एका लेथच्या शेजारी बसवलं. माझी वायर लांबलचक होती, पोचली.

पहिल्या गाण्याला पेटी गुरगुरायला लागली. गंध आत झिरपलं होतं की एकाच वेळी दोघांना बोलतं करणं तिला मानवत नव्हतं, देव जाणे. दुसऱ्या गाण्यापासून मात्र गुरगुर थांबली आणि काय सांगू, माझा हात असा काही चालायला लागला! स्पीकरचं तोंड लोकांकडे, त्यामुळे मला माझं वाजवणं इतरांच्या आवाजात मिसळूनच ऐकू येत होतं. पण सूर कसे स्वच्छ, जागच्या जागी पडत होते. मी डोळे मिटले. मान हलवू लागलो. एका गाण्याच्या शेवटी तर मी पोलादी तुकडा हवेत उंच नेला आणि टाळ्या झाल्या. मी बसल्या बसल्या झुकून त्यांचा स्वीकार केला.

कार्यक्रम संपल्यावर वायर काढायला पेटीपाशी गेलो, तर माझी वायर पेटीला नव्हतीच. तिची छान गुंडाळी करून, गाठ मारून, पेटीवर माळेशेजारी ठेवलेली होती. तिचं दुसरं टोक मागे माझ्या गिटारला जोडलेलं होतं, पण मधल्या गर्दीत ते कुणाला दिसणार?

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या पाटापासून, सार," प्रमुख अगदी मायेने म्हणाले. पाट म्हणजे गाणं. "गुरगुरत होती ना. तुम्ही छान रंगला होता, म्हणून त्रास दिला नाही."

मग मी इतका वेळ ऐकत होतो ते काय होतं? ते अकॉर्डियन होतं. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेला माणूस तीच चाल वाजवत होता, आणि ती मी स्वतःच्या नावावर जमा करत होतो. जमीन दुभंगली असती तर मी पेटीसकट आत गेलो असतो.

घरी आल्यावर अम्माने पेटी सरस्वतीपुढे जागेवर ठेवून घेतली आणि विचारलं, "ऐकूं आलें का रे समद्यांस?"

"पेटीचं आलं," मी म्हणालो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनःपूजा चालू असतानाच प्रमुख दारात हजर. दिवाळीचे कार्यक्रम यायचे होते. अम्माने त्यांना बसायला सांगितलं, आणि मला म्हणाली, की आज विद्या वाजवायलाच पाहिजे, वाजव. नियमच तो. मी पेटी चालू केली, वायर स्वतःच्या हाताने लावली आणि वाजवायला लागलो. आज अकॉर्डियन नव्हतं. मी पहिल्यांदाच स्वतःला नीट ऐकलं. सुराच्या अलीकडे थांबत होतो, नाहीतर ओलांडून पलीकडे जात होतो, आणि पेटी ते सगळं इमानदारीने मोठं करून सांगत होती. प्रमुख छताकडे बघत होते. मला रडू येत होतं, पण सरस्वतीपुढे अर्ध्यात थांबता येत नाही, म्हणून गाणं संपवलं.

प्रमुखांनी घसा साफ केला. "सार, पेटी फार उत्तम आहे. दिवाळीत ती मिळाली तर उपकार होतील. तुम्ही कशाला एवढ्या लांब दगदग करायची? मी माणूस पाठवीन, तो घेऊन जाईल, परत आणून देईल."

मी तोंड उघडायच्या आत अम्मा स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. त्यांच्याशी ती तमिळ बोलली, पण आवाज मुलाचं लग्न जमवायला बसलेल्या बाईचा होता. "ती पूजेतली पेटी आहे. एकटी कुठे जात नाही. आमचा मुलगा बरोबर असेल तर जाईल."

प्रमुखांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा हिशेब चाललेला मला स्पष्ट दिसत होता. "सरी, मामी," ते शेवटी म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे.

मी हुंड्यातली वस्तू म्हणून पार्टीत गेलो. लाज वाटली. पण गेलो, कारण कलावंतांमध्ये बसायला मिळणार होतं, आणि मला दुसरं कुणी विचारणार नव्हतं. कित्येक वर्षं मी त्या पार्टीत मागे बसून वाजवलं. माझी वायर लावली आहे की नाही, हे मी कधी मान वर करून पाहिलं नाही. धीर झाला नाही.

फक्त एकदा पाहिलं. मैलापूरला एक लग्न होतं, लग्नघरची मंडळी अम्माच्या ओळखीची निघाली, आणि ती ऐकायला आली. पहिल्या रांगेत, गुडघे धरून बसली होती. गायकाला माइक, अकॉर्डियनवाल्यालाही माइक, म्हणजे पेटीच्या दोन्ही जागा भरलेल्या. दुसरं गाणं सुरू होताना मी मान वर करून पेटीकडे बघितलं. माझी वायर खाली पडलेली होती. मी तरी वाजवत राहिलो, आणि ती सगळा वेळ माझ्याकडे बघत मान डोलावत होती.

घरी येताना रिक्षात पेटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. अम्मा म्हणाली, "त्या बाकीच्यांचें मला काइ कळलें नाही. तुझेंच तेवढें ऐकूं आलें."

त्यानंतर जिथे जिथे कार्यक्रम झाला तिथे मी अम्माला घेऊन गेलो, आणि पहिल्या रांगेत बसवलं.