पत्र्याखालच्या भामाकाकू

सत्यभामाकाकू मे महिन्यातल्या एका सोमवारी संध्याकाळी स्वतःच्या गॅरेजमध्ये, बंद शटरमागे पडल्या. दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी कारण उष्माघात सांगितले. जायकवाडी धरण मृतसाठ्यात गेले होते, तो उन्हाळा.

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना भामाकाकू म्हणत. घराला लागून गाडीसाठी पत्र्याचे गॅरेज बांधलेले होते. गाडी कधी आलीच नाही. नवरा वारल्यावर काकूंनी तिथे मोटार वाइंडिंगचे काम सुरू केले. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची, हे त्या पैठणला भावाकडे, नामदेवकडे शिकल्या होत्या. उन्हाळा हा त्यांचा हंगाम. कूलरच्या आणि बोअरच्या मोटारी तेव्हाच जळतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा फक्त पाय दिसले. ऊन चढले की त्या शटर गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली ओढत आणि आत काम करत. गिऱ्हाइकाने वाकून बोलायचे. शटर वर करता का, असे मी विचारले.

"वाका की जरा," आतून आवाज आला. "शटर वर केलं की रोडची सगळी गरमी आत येती. तुम्ही जाता निघून, ती बसती इथंच."

दुसऱ्यांचे कूलर नीट करणाऱ्या काकूंच्या गॅरेजात कूलर नव्हता. ओलसर हवेने वाइंडिंग खराब होते, म्हणून त्यांचे सगळे उपाय कोरडे होते. मागच्या भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन. पत्र्यावर चुना आणि चुन्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाड थर. कापूस निघाला की नामदेव टेम्पो भरून पऱ्हाट्या आणायचा. पत्र्याला भोके पाडून काकू त्या तारेने बांधायच्या. "आधी पत्र्याला टोपी घाल, मंग पंख्याचं बघ," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वार्निश दिलेली मोटार त्या गच्चीवर, भर उन्हात, तापलेल्या पालथ्या लोखंडी ड्रमखाली वाळवत. "ऊन फुकटचा गडी हाय. घरात घ्यायचा नाय, बाहेर राबवायचा."

पश्चिमेच्या रिकाम्या प्लॉटवर कडुलिंबाचे झाड होते. ते तोडून तीन मजली इमारत झाली. तिच्या एसींची गरम हवा गल्लीत येऊ लागली. आदल्या उन्हाळ्यात काकू काम करताना चक्कर येऊन पडल्या. दुपारचे काम बंद करा, असे डॉक्टर म्हणाले. "लोकांच्या मोटारी काय थंडीत जळत्यात का?" काकूंनी त्यांनाच विचारले. यंदा त्यांनी पऱ्हाट्यांचा थर दुप्पट केला.

शेजारी कुलकर्णी सर राहत, निवृत्त मुख्याध्यापक. एप्रिलमध्ये विजेच्या खांबावरून ठिणग्या पडून कोपऱ्यावरचा कचरा पेटला. सरांची मुलगी बाळंतपणाला आलेली होती, घरात तान्हे मूल होते. सरांनी गल्ली जमवली.

"काकू, तुमच्या डोक्यावर गंजी आहे. एक ठिणगी पुरे."

"ती काढली तर मी भाजंल, सर."

"आणि नाही काढली तर आम्ही सगळे."

काकूंच्या बाजूने कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पऱ्हाट्या उतरवल्या. पत्र्यातली भोके तशीच राहिली.

मे महिन्यात गल्लीच्या सामाईक बोअरची मोटार जळाली. नळाला पाणी नव्हते, टँकरचा भरवसा नव्हता. बोअरमध्ये मोटार सोडणारी माणसे मंगळवारी सकाळी येणार होती. त्यानंतर ती दुसऱ्या तालुक्यात जाणार होती. काकूंनी उघड्या पत्र्याखाली बसून वाइंडिंग भरले. सोमवारी दुपारपर्यंत ड्रमखाली वार्निश वाळले. तेल भरून झाकण लावण्यासाठी त्यांनी मोटार आत घेतली.

सरांची गच्ची गॅरेजच्या पत्र्याला लागून आहे. काकूंच्या जिवाला थोडा गारवा मिळावा म्हणून सरांनी कूलरसाठी साठवलेले पाणी पत्र्यावर ओतले. ते पाहून आणखी दोघे-तिघे घरातल्या बादल्या घेऊन वर गेले. शटर खाली होते. काकूंना कोणी विचारले नाही.

"कोण हाय वर? थांबवा! पाणी थांबवा!"

मी धावत गेलो. भोकांमधून पाणी ठिबकत होते. काकू उघड्या मोटारीवर ओणव्या झाल्या होत्या. त्यांची पाठ भिजली होती. वाइंडिंगही भिजले होते.

"काकू, तशीच सोडा बोअरमध्ये," गर्दीतून कोणीतरी म्हणाले. "तिथं तरी पाणीच हाय."

"पाण्यात राहती, पण पोटात थेंब चालत नाय तिला. परत जळंल."

सूर्य इमारतीमागे गेला होता. ड्रमचा उपयोग नव्हता. मोटार दिव्यांच्या उष्णतेने वाळवायला काकूंनी दोन हॅलोजन दिवे मागवले, गरमी आतच राहावी म्हणून एक्झॉस्ट बंद केला आणि शटर जमिनीपर्यंत ओढायला घेतले.

"दिवे लावून बाहेर बसा," सर म्हणाले.

"मोटार फिरवावी लागती. एकाच बाजूनं तापली तर वार्निश करपतंय."

"मग उद्या करा."

"उद्या माणसं जात्यात. तुमच्या घरी लेकरू हाय, सर. सरका."

शटर बंद झाले. सर बाहेर खुर्ची टाकून बसले. थोड्या थोड्या वेळाने ते किल्लीने शटर वाजवत. आतून "व्हय" येई.

"काकू?"

"हजेरी घेताय का? हजर, सर."

बाहेरची माणसे हसली. त्यानंतर दोनदा "व्हय" आले, दुसऱ्यांदा उशिरा. सर म्हणाले, "आता पुरे, बाहेर या." आतून उत्तर आले, "टेस्ट करती अन् येती."

पुढच्या वेळी उत्तर आले नाही. सरांनी पुन्हा वाजवले, मग आम्ही तिघांनी शटर उचलले. आतली हवा तोंडावर आली. काकू मोटारीशेजारी कुशीवर पडल्या होत्या. अंग तापलेले होते, घाम नव्हता. आम्ही त्यांना रिक्षात घातले.

दोन्ही हॅलोजन बंद केलेले होते, असे मागे थांबलेल्यांनी नंतर सांगितले. टेस्ट लॅम्पच्या वायरी मोटारीला जोडलेल्या होत्या आणि दिवा लागलेला नव्हता. तो न लागणे म्हणजे वाइंडिंग कोरडे.

नामदेव रात्रीच पैठणहून आला. सकाळी काकूंना घरी आणण्याआधी तो गॅरेजमध्ये गेला. राहू दे, असे सर त्याला म्हणाले.

"आक्कानं सगळं केलंय. तेल अन् झाकण तेवढं राहिलंय," नामदेव म्हणाला.

त्याने मोटार पुन्हा तपासली, तेल भरले, झाकण लावले. माणसे वेळेवर आली. मोटार बोअरमध्ये सोडली. पाणी आधी गढूळ आले, मग स्वच्छ. पहिला हंडा सरांनी भरला आणि काकूंच्या अंगणात नेऊन ठेवला. त्या पाण्याने काकूंना आंघोळ घातली.