समोरच्या मुलीच्या आईशी बोलले

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये.

कांदिवलीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये टांझानियाहून शिकायला आलेली एक मुलगी भाड्याने राहते. ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरती. आज तिने बेल वाजवली. फोन छातीशी धरून हळूच इंग्रजीत म्हणाली, "आंटी, माझ्या आईशी बोलाल? इथे माझं कोणीतरी आहे असं तिला सांगितलंय."

व्हिडिओ कॉलवर तिच्या आईने पहिलंच विचारलं, "ही नीट जेवते ना?"

"हो, बऱ्याचदा आमच्याकडेच जेवते," मी बोलून गेले. मला तर मुलीचं नावही माहीत नव्हतं. ती बाई रडायलाच लागली. माझे आभार मानत राहिली.

कॉल संपल्यावर नाव विचारलं. नीमा.

"नीमा, आज खरंच जेवायला ये गं."

"आज सामान बांधतेय, आंटी. सोसायटीला परदेशी भाडेकरू नकोत. उद्या खोली सोडायचीय."

"मग जाणार कुठे?"

"अजून कुठेच ठरलं नाही," ती म्हणाली. "आईला मात्र सांगू नका हं."

चेंबूर, घाटकोपर, कुठेही चालेल. तुमच्या बिल्डिंगमध्ये तिला राहू देतील का?