कोणी राहिलं का?

आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं कागदावरून वाचत नाहीत. एक काका आहेत, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर एवढ्या आवाजाचं करायचं काय, म्हणून मंडळीने हे काम त्यांच्या गळ्यात घातलं. उपदेश संपला की ते पुढे येतात, डोळे मिटतात आणि गाडीत थांबे पुकारावेत तसं एकेक नाव पुकारतात. प्रत्येक नावाला मंडळी म्हणते, "प्रभू, ऐक." सर्दी झालेले, पेंगुळलेले, घरी कुकर कोणाच्या तरी भरवशावर ठेवून आलेले, सगळे म्हणतात. शेवटी काका डोळे उघडून विचारतात, "कोणी राहिलं का?" राहिलं असेल तर घरच्याने बसल्या जागेवरून नाव सांगायचं.

घरच्यानेच. हा नियम उगाच नाही आला. मागे दोन भावांचं वाडीच्या कुंपणावरून वाजलं होतं. त्यातल्या एकाने भर उपासनेत दुसऱ्याचं नाव आजाऱ्यांत दिलं. दुसरा पुढच्याच बाकावर धडधाकट बसला होता, आणि त्याच्यासाठी सगळी मंडळी "प्रभू, ऐक" म्हणून मोकळी झाली. नंतर अंगणात जे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. स्वतःचं नावही स्वतः द्यायचं नाही, कारण एक आजोबा दर रविवारी पोटातल्या गॅससाठी स्वतःचं नाव द्यायचे. आणि एकदा घातलेलं नाव निघायला दोनच वाटा. घरच्याने उभं राहून साक्ष द्यायची की देवाने बरं केलं, नाहीतर कबर.

माझं नाव आईने घातलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. एका ऑफिसात टायपिंग करायचे. आधी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. संधिवात. हा शब्द उच्चारला की लोक हसतात. अगो, माझ्यापण गुडघ्यात असतो, एरंडेल चोळ. त्या एरंडेलवाल्यांना मी मनातल्या मनात काय काय बोलले आहे ते देवालाच माहीत, आणि त्याने ते ऐकलं नसलं तर बरं. हा म्हातारपणचा वात नव्हे. यात शरीरच आपल्या सांध्यांना वैरी समजतं आणि कुरतडत बसतं. नोकरी गेली. ठरत आलेलं लग्न गेलं, त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी पडवीत दहावीच्या मुलांना गणित शिकवायला लागले. फळ्यावर लिहिता येईनासं झालं तशी नुसती तोंडाने शिकवायला लागले. आज हेही मी फोनला बोलून लिहवून घेते आहे, आणि तो मेला जिथे तिथे चुका करतो.

सकाळ सगळ्यात वाईट. उठल्यावर दोन तास हातांची मूठ होत नाही आणि झालेली उघडत नाही. दुधाची पिशवी फोडता येत नाही. परकराची नाडी आई बांधते, केस आई विंचरते, अंघोळही आईच घालते. चाळिशीच्या बाईला सत्तरीची आई अंघोळ घालते यात काही सुंदर नाही. दोघींनाही लाज वाटते, दोघीही चिडतो, मग ती साबण आपटते आणि मी रडते. प्रार्थनेला हात जोडावेत तर तळवे एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये मांजर निघून जाईल एवढी फट राहते. बरेच दिवस मी हात पदराखाली लपवून प्रार्थना करायचे. मग एक दिवस रागाने बाहेर काढले आणि म्हटलं, हे बघ, असे आहेत, चालत असतील तर बघ. त्यानंतर लपवले नाहीत.

माझी श्रद्धा फार मोठी होती असं कोणी समजू नये. आठवडाभर मी देवाशी भांडायचे किंवा अबोला धरायचे. पण रविवारी काका नावं घ्यायला लागले की मी कान टवकारून बसायचे. आधी एका डायलिसिसवाल्या बाईंचं नाव, मग माझं, मग लकवा झालेल्या एका मास्तरांचं. माझ्या नावाला सगळे "प्रभू, ऐक" म्हणायचे. प्रभू ऐकत होता की नाही ते त्याचं त्याला ठाऊक. पण ज्या आठवड्यात मला स्वतःला त्याच्याशी बोलवत नव्हतं, त्या आठवड्यात माझ्या वतीने ही माणसं बोलत होती. मी नुसतं बसून राहायचं. तेवढ्यावर मी सोमवार ओढायची, मग मंगळवार. त्यातच पुढचा रविवार यायचा.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी दिली. त्याच आठवड्यात चिपळूणकडच्या अलोऱ्याच्या कॉलनीत कोणाच्या तरी घरी बाहेरगावचे एक प्रचारक येणार असं आईला कळलं. गाडी करून ती मला घेऊन गेली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि निघताना बजावलं की आता बरी झालीस असंच म्हणायचं, आजार तोंडाने कबूल केलास की तो परत येतो. चार दिवसांनी मी स्वतःचे केस स्वतः विंचरले. आई दारात उभी राहून बघत होती, हातातलं ताट तसंच धरून. मी म्हटलं, आई, गोळीचा गुण आहे, स्टेरॉइड आहे ते. ती म्हणाली, डॉक्टरला बुद्धी कोणी दिली? खरं सांगायचं तर आनंदात मलाही वाद घालायचा नव्हता.

नवस आपल्यात नाही, पण आईची देवाशी आतल्या आत बोलणी चाललेली असतात. त्या साली कापणीच्या सणाला तिने परसातल्या माडाची सगळ्यात मोठी पेंड, नारळांचा अख्खा घड, उतरवून घेतली. या सणाला जो तो आपल्या घरचं पीक चर्चमध्ये आणून ठेवतो, भाताच्या लोंब्या, भोपळे, सुपाऱ्या, आणि उपासना संपली की अंगणात त्यांचा लिलाव होतो. कोणीतरी पाय बांधून कोंबडी आणली होती, ती उपदेशभर कुरकुरत होती. आई नारळांशेजारी उभी राहिली आणि तिने साक्ष दिली. माझ्या मुलीला प्रभूने बरं केलं, म्हणाली. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, पण तिला पुढे बोलता येईना. सगळं चर्च रडलं. मीही रडले.

पुढच्या रविवारी काका डायलिसिसवाल्या बाईंवरून सरळ मास्तरांवर गेले. विनंती थांबा हात न दाखवल्यामुळे गाडीने सोडून द्यावा, तसं झालं.

ती गोळी कायम घेता येत नाही. हाडं पोकळ होतात, साखर वाढते. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली आणि दुखणं दामदुपटीने परतलं. मानेपर्यंत गेलं. आईने ते पाहिलं, पण मान्य केलं नाही. दारामागे चटया असतात, त्यांच्याआड तिने माझा वॉकर उभा केला. कोणी आलं की म्हणायची, बरी आहे, जरा थकली आहे एवढंच. चर्चला चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. पूर्वी दोघं जण मला खुर्चीसकट उचलून आत न्यायचे. आता बरी झालेल्या मुलीला कोण उचलणार? आईच्या दंडाला धरून मी चढायची, वर पोचेपर्यंत ब्लाउज घामाने भिजायचा, आणि बायका म्हणायच्या, बघा, चालत आली, स्तुती असो. मी हसायची. मग आत बसून सगळ्यांची नावं ऐकायची. काका विचारायचे, "कोणी राहिलं का?" मी आईकडे बघायची. आई समोरच्या क्रुसाकडे बघायची.

आजार मी सोसला होता. हे सोसवत नव्हतं. सगळ्या रत्नागिरीत माझं दुखणं जिथे मोठ्याने बोललं जायचं ती एकच जागा होती आणि तिथून मला बरी म्हणून बाहेर काढलं होतं.

मग पावसाळ्यात मी मोरीत पडले. आई मासळी आणायला गेली होती. गाल ओल्या लादीवर, एक हात अंगाखाली, आणि तोंडापासून वीतभर अंतरावर मोरीचं भोक. उठायची सोय नाही. आई आली, हातात पिशवी तशीच. तिने मला पाहिलं, आणि आधी मागे जाऊन पुढचं दार लावून घेतलं. शेजारी बोटीवर असलेल्या माणसाची बायको राहते, वहिनी म्हणते मी तिला, चांगली दणकट आहे. तिला हाक मारली असती तर एका मिनिटात उचललं असतं. पण आई एकटीच ओढायला लागली, आणि मी ओरडले तर म्हणाली, हळू बोल.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तशीच जमिनीवरून म्हणाले, "आपल्यात मेलेल्यांची नावं घेत नाहीत, आई. माझं घ्यायचं तर आत्ताच घ्यावं लागेल."

ती ओल्यातच माझ्याशेजारी बसली. पिशवीतले बांगडे मोरीत सांडले. मग म्हणाली, "मी खोटी पडले तर पडू दे गो बाय. पण मी त्याच्या नावाने उभी राहिले होते. आता त्याला खोटं कसं पाडू?"

इतके महिने मला वाटत होतं की ती लोकांना भिते. ती लोकांना भीत नव्हती. मला तिची दया आली आणि तरी राग गेला नाही. मी वहिनीला मोठ्याने हाक मारली. तिने येऊन मला उचललं, मोरी धुतली, आणि जाताना आईला म्हणाली, बाई, पूर्वी रविवारी हिच्यासाठी मागायचात ना सगळे? आई मान खाली घालून बांगडे धूत राहिली. माझं मनगट मोडलं होतं. पाय कोणाचाही घसरतो, असं आईने चर्चमध्ये सांगितलं, आणि तो रविवारही तसाच गेला. पुढचेही गेले. मी पुन्हा विषय काढला नाही. सकाळी अंघोळ घालताना ती माझं प्लॅस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची आणि तिचे ओठ हलत असायचे. काय मागत होती ते मी विचारलं नाही. मी मात्र त्या दिवसांत एकच मागायची, हिला उभी कर.

कापणीचा सण परत आला. आईने नारळ काढून ठेवले. निघताना दारामागच्या चटया बाजूला केल्या, वॉकर ओढून काढला, त्यावरचं जळमट पदराने पुसलं आणि माझ्यासमोर आणून ठेवला. पायऱ्यांपाशी मला धरून उभी राहिली आणि आतल्या दोघांना तिने हाक मारली, खुर्ची आणा म्हणाली. ते बघतच राहिले. मग आणली. कोणी स्तुती असो म्हटलं नाही.

काकांनी नावं घेतली. डायलिसिसवाल्या बाई तोवर गेल्या होत्या, त्यामुळे मास्तर पहिले आले. शेवटी काकांनी डोळे उघडले. "कोणी राहिलं का?"

बसून सांगायची रीत आहे, पण आई उभी राहिली. साक्ष दिली होती त्याच जागी, नारळांपाशी.

"माझी मुलगी राहिली," ती म्हणाली. "ती बरी झालेली नाही. बरी झाली असं मी बोलले. चूक माझी आहे, त्याची नाही."

पाळकसाहेब खाली बघत होते. बायकांच्या बाकावरून कोणीतरी जोरात श्वास सोडला तो मला ऐकू आला. सत्तर वर्षांची माझी आई तिथे एकटी उभी होती आणि तिचा हात टेकायला जागा शोधत होता, आणि मला उठून तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

काकांनी पुन्हा डोळे मिटले. एकटं माझं नाव जोडून ते संपवू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. सगळी नावं पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली, आणि मास्तरांच्या आधी, माझ्या जुन्या जागी, माझं नाव घेतलं.

आधी आईचाच आवाज आला, फाटका. मग सगळ्यांचा.

"प्रभू, ऐक."