झाडपाल्यावर तीन महिने बंदी

"खाऊन दाखव," उपसरपंच म्हणाले आणि त्यांनी आयचं गाठोडं ग्रामपंचायतीच्या फरशीवर उलटं केलं.

मुळ्या, साली, वाळका पाला टेबलाखाली पसरला. आय वाकून गोळा करू लागली. खुर्च्यांवर सात सदस्य. आम्हाला बसायला कोणी सांगितलं नाही.

आय ठाकरवाडीतली. मी तिची मुलगी, तेव्हा सातवीत. मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना बाजाराचं गाव लागतं. तिथे दर सोमवारी आय झाडपाल्याची औषधं घेऊन बसायची. पोटदुखी, मुतखडा, बाळंतपण. आमचं घर त्यावर चालायचं.

महिन्यापूर्वी रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे पोलिसांना गांजा सापडला होता. विकणारा बाहेरचा होता. पंचायतीपुढे ठराव आला तो मात्र आमच्यावर. बाजारात झाडपाला विकणाऱ्यांना तीन महिने तात्पुरती बंदी, चौकशी होईपर्यंत. ठराव मांडणाऱ्या उपसरपंचांच्या भावाचं औषधांचं दुकान त्याच बाजारात होतं. त्याबद्दल कोणी बोललं नाही.

आयला म्हणणं मांडायला बोलावलं होतं. ग्रामसेवकाने आधी तिला प्रत्येक मुळीचं नाव विचारलं. "लिहून घेतो. गांजा नसंल तर घाबरतेस कशाला?"

"नाव नाय सांगायचं, दादा. आमच्यात चालत नाय."

खरंच चालत नव्हतं. औषध शिकवणारी बाई रानात नेते, झाड बोटाने दाखवते. चारचौघांत नाव उच्चारलं तर मुळीचा गुण जातो, असं वाडीत मानतात. आजीने आयला तसंच शिकवलं होतं. आय मला शिकवत होती.

"बघा! आमाला वाटलं मुळ्या विकते. ही तर सरकारी गुपितं विकते," एक सदस्य म्हणाला. सगळे हसले. नाव सांगत नाही, तर खाऊन दाखव, म्हणून मग गाठोडं उलटं झालं होतं.

आयने खाल्लं. पहिली साल चघळली, गिळली. दुसरी गिळली. तिसऱ्या मुळीला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय गो, चढली काय?"

पुन्हा हसू. बंदी टळेल म्हणून ती खात होती.

चौथी मुळी उपसरपंचांनी चपलेने पुढे सरकवली. नांगराच्या आकाराची. ती पोटात घ्यायची नसते. अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीखाली वाटून लावतात. आयला हे माहीत होतं. पण विष आहे म्हणाली असती तर विष विकते म्हणून बंदी तिथेच लागली असती. तिने हात पुढे केला.

मी तिच्या हातातून मुळी हिसकावली.

"ही कळलावी हाय. खाल्ली तर माणूस मरतो. तुमची सून अडली तवा आयनं हीच वाटून लावलेली. तवा तुमी नाव नाय विचारलं."

हसणं थांबलं. सरपंच खाली बघू लागले.

"पोरीला बाहेर काढा," उपसरपंच म्हणाले.

मी आयलाही हाताला धरून बाहेर आणलं. आमच्या पाठीमागे ठराव मंजूर झाला.

पायरीवर आयने माझ्या थोबाडीत मारली. "नाव फोडलंस." पुढे बरेच दिवस तिने मला रानात नेलं नाही. तिचा राग मला कळत होता. तरी आपली चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. जो गुण राखायला आयला फरशीवरचं विष उचलावं लागतं, तो राखून मला काय करायचं होतं?

सोमवारी आय बाजाराला निघाली नाही. मी शाळा बुडवली, गाठोडं घेतलं आणि तिच्या जागेवर जाऊन बसले.

पंचायतीचा शिपाई आला. "ऊठ गो. बंदी हाय, ठाऊक नाय तुला?"

"कागद दाखवा."

"कसला कागद?"

"ठरावाचा. मला वाचता येतं."

तो गेला. परत आला तेव्हा त्याच्याकडे कागद नव्हता, सोबत उपसरपंच होते. मी उठले नाही. बाजार उठेपर्यंत बसले.

पुढे मी बातमीदार झाले. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी कचेऱ्यांत मला ऊठ म्हणून सांगितलं गेलं. मी आधी कागद मागते. मिळाला तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्यात आमच्या माणसांना माणूस धरलेलं नसेल, तर उठत नाही. उठणार नाही.