फिल्टरमधली दाढ

आधीच सांगते, मी डेंटिस्ट आहे. भूत, करणी, भानामती यातलं काहीही मी कधी मानलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात लोकांना झोपेच्या गोळ्या लिहून देत असते. तेव्हा माझाही अनुभव वाचून कुणी तसंच करणार असेल तर माझी काहीच हरकत नाही. मला फक्त हे एकदा कुठेतरी लिहून टाकायचंय.

गोष्ट आयटीच्या भरभराटीतली. माझा नवरा मंदार हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. कर्वेनगरला आमचा टू बीएचके, आणि खालीच, त्याच बिल्डिंगमध्ये माझं क्लिनिक. हातात नवीन पैसा आलेला, घरी नुकतंच ब्रॉडबँड आलेलं, आणि मंदारला फिशटँकचं वेड लागलेलं. हॉलमध्ये सोफ्याएवढा लांब टँक. त्यात गोल्डफिश. गलेलठ्ठ, दिवसभर काचेला तोंड लावून आ वासणारे.

मला त्या टँकची किळस यायची. मंदार हसायचा. "दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतेस आणि पाण्याची किळस?" पण तोंड वेगळं. तोंडाला ग्लोव्हज असतात, सक्शन असतं. हा बाबा उघड्या हातानं बुळबुळीत स्पंज बेसिनमध्ये पिळायचा. त्याच बेसिनमध्ये आम्ही तोंड धुवायचो.

त्यातून निघालेला मार्ग म्हणजे कॅनिस्टर फिल्टर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : झाकण असलेला एक बंद डबा असतो. तो टँकच्या खाली, कपाटात बसतो. एका पाइपनं घाण पाणी आत येतं, जाळीच्या टोपल्यांमधल्या स्पंजमधून आणि सिरॅमिकच्या पांढऱ्या, नखाएवढ्या रिंगांमधून गाळलं जातं आणि मोटर ते वर ढकलते. दर आठवड्याला स्पंज पिळायला नको. महिन्या-दोन महिन्यांनी डबा उघडायचा, बस.

मंदारनं त्यावर इतका अभ्यास केला की तेवढ्यात एखाद्याचं एमबीए झालं असतं. कुठला घ्यायचा, मोटर केवढी, टोपल्या किती... परदेशी फोरम वाचून वाचून त्यानं डोकं उठवलं. नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो, तर दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, मासे पाळायचेत का कारखाना काढायचाय?" आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

शेवटी त्याच्या ऑफिसच्या अंतर्गत जाहिरातींमध्ये एक सापडला. वापरलेला, पण जर्मन. वारज्याच्या एका गृहस्थांचा. घ्यायला गेलो तेव्हा सोसायटीच्या गेटवर वॉचमन खोका घेऊन उभा होता. "साहेबांची तब्येत बरी नाही, तुम्ही घेऊन जा." मंदार खूश. मीसुद्धा.

आणि खरंच सांगते, पाणी काचेसारखं झालं. येणारे-जाणारे विचारायचे, टँकमध्ये पाणी आहे ना?

पहिल्यांदा डबा उघडला तो रविवार होता, दुपारची जेवणं झालेली. मंदारनं डबा बाल्कनीत नेला. झाकणाच्या क्लिपा उघडल्या आणि मला स्वयंपाकघरात वास आला.

माशांचा नाही. गाळाचाही नाही. तो वास माझ्या धंद्यातला होता. दात काढल्यावर खड्डा चिघळला की पेशंट तोंड उघडतो तेव्हा येतो तो. तो एकदा नाकात बसला की जन्मात विसरत नाही. हात पुसत बाहेर आले.

टोपल्यांवर पिवळट, चिकट थर होता. दातांवर साचतं ना, अगदी तसं किटण. मंदार रिंगा बादलीत ओतत होता. त्या पांढऱ्या रिंगांमध्ये एक वेगळी दिसली.

"ती दे इकडे," मी म्हणाले.

ती दाढ होती. माणसाची. मुळांसकट. आणि मुळांना गुलाबी मांस चिकटलेलं, ताजं, आत्ता काढल्यासारखं. पाण्यात महिनाभर पडलेल्या हाडाला मांस राहत नाही हो. दाढेत चांदीचं फिलिंग होतं. मी ती उलटसुलट करून पाहिली. फिलिंग मी केलेलं होतं. स्वतःचं अक्षर ओळखावं तसं आम्हाला स्वतःचं काम ओळखू येतं. शिवाय आतल्या बाजूला एक टवका उडालेला... लग्नाच्या वर्षी भडंग खाताना मंदारच्या दाताखाली खडा आला होता, तेव्हाचा.

"आ कर," मी म्हणाले.

"काय?"

"मंदार, तोंड उघड!"

त्याची खालची उजवी दाढ जागच्या जागी होती. तेच फिलिंग. तोच टवका. मी त्याला तसाच खाली क्लिनिकमध्ये नेला. आरसा लावून पाहिलं, ठोकून पाहिलं, एक्स-रे काढला. घट्ट. मुळं व्यवस्थित. आणि शेजारच्या ट्रेमध्ये, कापसावर, तीच दाढ पडलेली.

मंदार म्हणाला, "तुझ्या क्लिनिकमधूनच आली असेल कुठून तरी. पायाला लागून वगैरे." इंजिनियर माणूस. त्याला काहीतरी कारण हवं होतं. मलाही हवं होतं, म्हणून मी हो म्हटलं.

तरी मी म्हणाले की हा डबा काढ. तो म्हणाला, पाणी बघ किती स्वच्छ आहे. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि डबा राहिला. त्या दिवसानंतर मी हॉलमध्ये बसून जेवले नाही. ते मासे आ वासून काचेशी यायचे आणि मी तोंड फिरवायचे.

पुढच्या वेळी डबा मीच उघडला. ग्लोव्हज घालून, मास्क लावून. या वेळी दोन निघाले. एक वरची दाढ, एक पुढचा दात. दोन्ही मंदारचे. दोन्ही मंदारच्या तोंडातही अजून जागच्या जागी. मी तिथेच बाल्कनीत, कुंडीत ओकले.

त्याच आठवड्यात मंदार ऑफिसमधून आला तो गालाला हात लावून. "ती दाढ हलतेय गं."

हिरड्या निरोगी. सूज नाही, पू नाही. पुन्हा एक्स-रे काढला. त्यात दाढेला मुळंच नव्हती. आधीच्या फिल्ममध्ये होती. मी दोन्ही फिल्म उजेडाला धरून बघत राहिले आणि मंदार खुर्चीत तोंड उघडं ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

इंजेक्शन द्यायची वेळच आली नाही. चिमट्यानं धरली आणि ती उचलून हातात आली. रक्ताचा थेंब नाही. खालची हिरडी भरून आलेली, गुळगुळीत. ती दाढ फार पूर्वीच काढली असावी आणि हे नुसतं टोपण वर ठेवलेलं असावं, तशी. दाढ हलकी होती, शिंपल्यासारखी. आणि तिच्या खालच्या बाजूला, हिरडीवर टेकली होती तिथे, हिरवं शेवाळ होतं. बुळबुळीत. माझ्या नवऱ्याच्या तोंडात.

मंदारनं ते बघितलं. त्यानंतर त्यानं कारणं दिली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वारज्याला गेलो. वॉचमनला न जुमानता वर जाऊन बेल वाजवली. दार एका तरुण माणसानं उघडलं. मंदारच्याच वयाचा असेल, ऑफिसला जायच्या तयारीत, गळ्यात आयकार्ड.

"आम्ही तुमचा फिल्टर घेतला होता," मंदार म्हणाला.

"बरं. मग?"

तो एवढंच बोलला आणि मला कळलं. बोलताना ओठ कसे हलतात, गाल कसे आत बसतात, हे बघणं माझं काम आहे. त्याच्या तोंडात वर-खाली पूर्ण कवळी होती. तिशीतल्या माणसाच्या तोंडात.

"तुमचे दात कधी गेले?" मी सरळ विचारलं.

त्यानं मागे घरात नजर टाकली, दार थोडं ओढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुमचे किती गेलेत?"

"एक. अजून दोन सापडलेत," मंदार म्हणाला.

"मग तुम्ही लवकर आलात. मला उशिरा कळलं."

"काय कळलं?"

"काही नाही. घरातून गेला की नवे निघायचे थांबतात, एवढंच. माझी शेवटची दाढ तेवढी डब्यात सापडली नव्हती. फिल्टर तुम्ही नेलात, ती वाचली. पण एकच दाढ ठेवून पूर्ण कवळी कशी बसवणार? काढून टाकली."

"आणि हे सगळं माहीत असून तुम्ही तो आम्हाला विकलात?" माझा आवाज चढला.

"मॅडम, जाहिरातीत फिल्टर लिहिलं होतं. तुम्हाला फिल्टरच मिळाला." जराही शरम नाही. "तुम्हीही विका. घेणारे खूप आहेत."

आणि तो हसला. ते पांढरेशुभ्र, एकसारखे दात बघून मला जी किळस आली, ती त्या बाल्कनीतल्या डब्याचीही आली नव्हती.

परतताना मंदार कारमध्ये जिभेनं दाढेची रिकामी जागा चाचपत होता. मग म्हणाला, "फिल्टरचा फोटो काढून आजच जाहिरात टाकतो. दोन दिवसांत जाईल."

"तू विकणार?"

"मग काय करू? माझे दात आहेत ते!"

"आणि ज्याच्या घरी जाईल त्याला पोरंबाळं असतील तर?"

तो घाबरला होता. त्याच्यावर मी रागावू शकले नाही. पण विकू देणं शक्य नव्हतं. भंगारात दिला असता तरी कुणीतरी दुरुस्त करून वापरलाच असता. मी डबा गच्चीवर नेला, बिल्डिंगच्या प्लंबरकडून हातोडा मागून आणला आणि भर उन्हात तो फोडला. झाकण, टोपल्या, पाइप, सगळं. मंदार पाण्याच्या टाकीशी उभा राहून बघत होता. थांबवलं नाही, हातही लावला नाही.

सगळ्यात शेवटी मोटरचं घर फोडलं. पंखा फिरतो ती जेमतेम अंगठ्याएवढी जागा. तिथे आणखी एक निघाला. वरचा डावा सुळा. जरासा वळलेला, मुळाला मांस चिकटलेलं. हा मंदारचा नव्हता.

मी तो मुठीत धरला आणि मंदारला काही सांगितलं नाही.

पुढे मंदारचे ते दोन दातही पडले. त्यांच्याखालीही शेवाळ होतं. त्यानंतर एकही नाही. मी त्याला तिन्ही जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर पक्के बसवलेले दात, करून दिले, उत्तम बसलेत. मासे नारायण पेठेतल्या त्या दुकानदारांना फुकट दिले. "कारखाना बंद का?" एवढंच त्यांनी विचारलं. सापडलेले आणि पडलेले दात क्लिनिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून गेले. टँकच्या जागी आता पुस्तकांचं कपाट आहे.

हे काय होतं, मला माहीत नाही. दात पाण्यात कसे बनले, तोंडातले आतून कसे पोकळ झाले, डब्यात काय होतं... इतकी वर्षं दातांचाच अभ्यास करूनही माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त 'पाण्यातलं कॅल्शियम' असं म्हणणार असाल, तर कृपा करून राहू द्या.

माझा वरचा डावा सुळा आला तेव्हापासूनच जरासा वळलेला आहे. लहानपणी तार लावायची राहून गेली. मी त्याचा एक्स-रे आजवर काढलेला नाही. खाली क्लिनिकमध्ये मशीन आहे, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं माझ्याच्यानं होत नाही. रोज सकाळी ब्रश केल्यावर आरशासमोर उभी राहते आणि अंगठ्यानं तो दाबून बघते. अजून तरी घट्ट आहे.